भाडे उतरले, पण तिकीट आधीच काढलेले

दिवाळीच्या दोन महिने आधी भंडाऱ्यातल्या कितीतरी घरांत एकच बोलणे सुरू होते. पोरे येणार कशी? मुलगा पुण्याला हिंजवडीत, मुलगी हैदराबादला किंवा बंगळूरला. वरठीच्या भंडारा रोड स्टेशनावर थांबणाऱ्या विदर्भ एक्स्प्रेस आणि महाराष्ट्र एक्स्प्रेसचे आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचे, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आले. सणाच्या तारखा उघडल्या उघडल्या वेटिंगवर जातात. मग ट्रॅव्हल्सचे भाडे बघायचे, आणि ते बघून डोळे पांढरे झाले की विमान. नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर उतरायचे, तिथून पासष्ट-सत्तर किलोमीटरवर भंडारा. एकदाचे तिकीट निघते. आठवड्याने घरातलेच कोणी मोबाइल पुढे करते, "हेच विमान आता सतराशेनं स्वस्त दिसून राहिलं. काहून एवढी घाई केली?"

जुने तिकीट रद्द करून नवे काढावे का, हा प्रश्न तिथून सुरू होतो. इंटरनेटवर याची उत्तरे भरपूर आहेत आणि बहुतेक उत्तरे "अवश्य काढा" असे सांगतात. ती अमेरिकेतल्या प्रवाशासाठी लिहिलेली असतात, ही त्यातली मोठी अडचण. गेली काही वर्षे घरच्यांची, शेजाऱ्यांची आणि ओळखीतल्या मुलांची तिकिटे काढून देताना मी हा हिशेब पुष्कळदा मांडला आहे. देशातल्या प्रवासात तिकीट बदलण्याचा हा व्यवहार बहुतेक वेळा तोट्याचा ठरतो. मात्र काही ठरावीक प्रसंगी तो नक्की फायद्याचा असतो, आणि नेमके तेच प्रसंग आपल्याकडची माणसे माहितीअभावी सोडून देतात.

आधी ही कल्पना आली कुठून ते पाहू. अमेरिकेत २०१२ पासून नियम आहे की प्रवासाच्या किमान सात दिवस आधी काढलेले तिकीट २४ तासांत रद्द केले तर दंड लागू नये, किंवा कंपनीने तेवढा वेळ भाडे राखून ठेवावे. त्याच्याही आधी, २००७ च्या सुमाराला, सिएटलच्या याप्टा नावाच्या कंपनीने काढलेल्या तिकिटाचे भाडे पुढेही पाहत राहून उतरल्यावर प्रवाशाला कळवण्याची सेवा सुरू केली होती. खरा बदल कोरोनाच्या वर्षात झाला. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस युनायटेड, डेल्टा आणि अमेरिकन या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी देशांतर्गत तिकिटांच्या बहुतेक वर्गांवरचे बदलशुल्क काढून टाकले. तेव्हापासून तिथला प्रवासी भाडे उतरले की तेच विमान कमी भावात घेतो आणि उरलेली रक्कम पुढच्या प्रवासासाठी जमा करून ठेवतो. रोख परतावा तिथेही सहसा मिळत नाही आणि सर्वांत स्वस्त वर्गाला ही सोय नसते. पण दंड नसल्यामुळे शंभर डॉलर उतरले तर शंभर डॉलर वाचतात.

आपल्याकडे दंड आहे, आणि सारा फरक तिथेच पडतो.

भाडे मुळात का उतरते, हे कळले तर पुढचे सोपे जाते. एका विमानात १८० च्या आसपास जागा असतात, पण कंपनीच्या संगणकात त्या एका भावाच्या नसतात. दहा जागा एका भावाला, पंधरा त्याहून वरच्या भावाला, अशी उतरंड लावलेली असते. खालचा कप्पा संपला की पुढचा उघडतो. बाजारात संध्याकाळी टमाटे स्वस्त होतात, कारण उद्या ते कोणी घेणार नाही. विमानाची रिकामी जागाही उड्डाणानंतर तशीच वाया जाते, तरी शेवटच्या दिवशी तिचा भाव चढतो. शेवटच्या दिवशी येणारा ग्राहक बहुधा अडलेला असतो, आणि कंपनी त्याच्यासाठी जागा राखून बसलेली असते. भाव उतरतात ते मधल्या काळात. अडवून ठेवलेल्या समूहाच्या जागा सुटतात, त्याच मार्गावर दुसरी कंपनी विमान वाढवते, सवलतीची जाहिरात निघते, किंवा अपेक्षेएवढी विक्री झाली नाही म्हणून बंद केलेला खालचा कप्पा पुन्हा उघडतो.

याच रचनेतून निघणारी एक गोष्ट मला फार उपयोगाची वाटते. चौघांची तिकिटे एकत्र शोधली आणि स्वस्त कप्प्यात दोनच जागा उरल्या असतील, तर संगणक चौघांनाही वरच्या कप्प्याचा भाव दाखवतो. म्हणून कुटुंबाचे तिकीट काढण्याआधी एकदा एका माणसासाठी आणि एकदा दोघांसाठी शोधून पाहावे. भाव वेगळा दिसला तर तिकिटे दोन तुकड्यांत काढावीत. यात रद्द करणे नाही, दंड नाही. वाचवलेले पैसे पहिल्याच दिवशी हातात राहतात.

आता दंडाचा हिशेब. देशातल्या साध्या तिकिटावर रद्द करण्याचा किंवा तारीख बदलण्याचा आकार कंपनीप्रमाणे आणि उरलेल्या दिवसांप्रमाणे बदलतो, पण तो साधारण तीन हजारांच्या आसपास असतो आणि प्रवास जवळ आला की वाढतो. तो माणशी लागतो, आणि जाण्या-येण्याचा वेगवेगळा लागतो. समजा पुणे-नागपूर तिकीट ६,८०० रुपयांना काढले आणि आता तेच ५,१०० ला दिसते आहे. जुने रद्द केले तर कंपनीचे ३,००० आणि बुकिंग करणाऱ्या संकेतस्थळाचे समजा ३०० कापून ३,५०० परत येतील, म्हणजे ३,३०० गेले. त्यात नव्या तिकिटाचे ५,१०० घातले की एकूण खर्च ८,४०० होतो. म्हणजे सतराशे वाचवायला गेलो आणि सोळाशे गमावले, तेही माणशी. चौघांच्या कुटुंबाचे ६,४०० गेले. नव्या बुकिंगवरचे कन्व्हिनियन्स शुल्क मी यात धरलेलेही नाही, आणि जुन्या बुकिंगवरचे ते शुल्क परत येत नाही.

कोणी म्हणेल, रद्द कशाला करता, तारीख तीच ठेवून तिकीट "बदला". नुसत्या बदलात नवे भाडे कमी असले तरी फरक परत मिळेलच अशी खात्री नसते. काही ठिकाणी तो जमाखात्यात जातो, काही ठिकाणी मिळतच नाही. शेवटचे बटण दाबण्याआधी "परत मिळणारी रक्कम" या ओळीत काय लिहिले आहे ते वाचावे. ती ओळ दिसत नसेल तर पुढे जाऊ नये.

मग फायदा कुठे आहे? सर्वांत आधी पहिल्या दिवसात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, परताव्याच्या नियमांत आणि २०१९ च्या प्रवासी सनदेत ही सोय दिली होती : प्रवास किमान सात दिवस दूर असेल आणि तिकीट थेट विमान कंपनीकडून काढले असेल, तर २४ तासांच्या आत ते रद्द करायला किंवा बदलायला दंड नव्हता. नव्या विमानाचे भाडे जास्त असेल तर फरक तेवढा भरायचा. नोव्हेंबर २०२५ मध्ये डीजीसीएने ही मुदत ४८ तासांची करण्याचा मसुदा जाहीर केला आणि त्यात देशांतर्गत प्रवासासाठी पाच दिवसांची, परदेश प्रवासासाठी पंधरा दिवसांची अट सुचवली. म्हणून तिकीट काढताना त्या दिवशी लागू असलेली मुदत कंपनीच्या संकेतस्थळावर पाहून कागदावर लिहून ठेवावी. भाव रात्रीतून बदलतात. आज संध्याकाळी काढलेले तिकीट उद्या सकाळी आणि उद्या दुपारी पुन्हा तपासले, तर हजार-बाराशेचा उतार दिसू शकतो आणि तो पूर्णच्या पूर्ण आपला असतो. या मुदतीत काम करताना आधी नवे तिकीट हातात घ्यावे, मग जुने सोडावे. नाहीतर जुने गेले आणि नव्याचा कप्पा संपला, असे होते. मात्र एकाच नावाची एकाच विमानातली दोन तिकिटे फार वेळ राहू देऊ नयेत, कारण कंपन्यांचे संगणक अशी दुहेरी नोंद स्वतःहून काढून टाकू शकतात.

या सोयीतला "थेट कंपनीकडून" हा शब्द मला पैसे मोजून कळला. बहिणीच्या कुटुंबाची चार तिकिटे मी तिकिटे विकणाऱ्या एका संकेतस्थळावरून काढली होती. तिथे माणशी दीडशे रुपये कमी दिसत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी भाडे माणशी नऊशेने उतरले. २४ तास संपायला अजून बराच अवकाश होता, म्हणून निश्चिंतपणे रद्द करायला गेलो, तर पूर्ण दंड समोर आला. फोनवर सांगितले गेले की ही सोय कंपनीच्या संकेतस्थळावरच्या तिकिटांनाच आहे. सहाशे रुपयांच्या सवलतीसाठी छत्तीसशे रुपये सुटले. तेव्हापासून मी तिकीट शोधतो कुठेही, पण काढतो थेट कंपनीकडेच. भंडारा, तुमसर, साकोलीत एजंटकडून तिकीट काढण्याची पद्धत अजून मोठी आहे, आणि ज्यांना मोबाइलवर कार्ड वापरायची भीती वाटते त्यांना एजंटचा मोठा आधारही असतो. त्यांनी एजंटला एवढे सांगावे : तिकीट कंपनीच्या साइटवरून, माझा मोबाइल नंबर घालून काढा. विमानाची वेळ बदलल्याचा संदेश मग आपल्यालाच येतो.

तो संदेश येणे हा फायद्याचा दुसरा प्रसंग. दोन-तीन महिने आधी काढलेल्या तिकिटाची वेळ कंपनी स्वतः बदलते, हे नेहमीचेच आहे. बदल मोठा असेल तर बहुतेक कंपन्या दंड न घेता दुसरे विमान किंवा पूर्ण परतावा देतात. उड्डाण कंपनीनेच रद्द केले तर पर्यायी विमान किंवा परतावा हा नियमानेच मिळणारा हक्क आहे, आणि सहा तासांहून अधिक उशीर होणार असेल तरीही. अशा वेळी घाईने "मान्य आहे" दाबण्याआधी त्या मार्गावरचे आजचे भाडे पाहावे. ते उतरलेले असेल तर परतावा घेऊन नवे तिकीट काढावे. चढलेले असेल तर कंपनीकडून पर्यायी विमानच मागावे. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली तेव्हा ५ ते १५ डिसेंबरच्या प्रवासासाठी रद्द करण्याचे आणि बदलाचे शुल्क माफ झाले होते. पण त्या गोंधळात भाडी इतकी भडकली की ६ डिसेंबरला केंद्र सरकारला कमाल मर्यादा घालावी लागली : ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, ५०० ते १,००० किलोमीटरला १२,००० रुपये, आणि पुढे टप्प्याने १८,००० पर्यंत. नागपूर-पुणे आणि नागपूर-मुंबई दोन्ही दुसऱ्या टप्प्यात बसतात. ज्यांनी परतावा घेऊन टाकला आणि मग नवे तिकीट शोधले, त्यांचे हाल झाले.

फायद्याचा तिसरा प्रसंग परदेशचा, आणि रक्कम सर्वांत मोठी तिथेच असते. अमेरिकेत किंवा कॅनडात असलेल्या मुलांकडे उन्हाळ्यात जाणारे आई-वडील आता भंडाऱ्यातही आहेत. अशा एका तिकिटाचे समजा १,१०,००० मोजले आणि महिन्याभराने तेच ८८,००० ला दिसू लागले. रद्द करण्याचे बारा-पंधरा हजार कापले तरी माणशी सात ते दहा हजार वाचतात. देशांतर्गत प्रवासात उतार हजारांत आणि दंडही हजारांतच असतो. इथे उतार दंडाच्या वर जाऊ शकतो. म्हणून परदेशच्या तिकिटावर गूगल फ्लाइट्ससारख्या ठिकाणी भाड्याची सूचना लावून ठेवणे खरोखर कामाचे आहे. सूचना आली की आधी आपल्या तिकिटाच्या अटी उघडाव्यात. परदेशी कंपन्यांचा परतावा त्यांच्या देशाच्या नियमांप्रमाणे होतो, आणि मुलाने तिकडच्या संकेतस्थळावरून काढलेल्या अमेरिकेच्या तिकिटाला तिथला २४ तासांचा नियम लागू पडतो.

जादा पैसे भरून मिळणारी लवचिक तिकिटे आणि "मोफत रद्द" अशी जोडणी, यांबद्दल थोडेच सांगतो. प्रवासाची तारीखच अनिश्चित असेल, घरात कोणी आजारी असेल, तर ती घ्यावीत. फक्त भाडे उतरेल या आशेने घेऊ नयेत. भाडे उतरले नाही तर ते पैसे गेलेच. विद्यार्थी आणि ज्येष्ठ नागरिकांची सवलत मात्र तिकीट काढतानाच मिळते आणि ती मागायला आपण विसरतो.

दिवाळीचे गणित वेगळे आहे. सणाच्या आधी पुण्याहून नागपूरला येणारी विमाने भरतात, उलटी जाणारी रिकामी असतात. सण झाला की हेच उलट होते. गर्दीच्या दिशेचे भाडे उतरण्याची वाट पाहणे जवळजवळ नेहमी फसते. अपवाद एकच, ऐन वेळी जादा विमाने लागतात तेव्हा. ऑक्टोबर २०२५ मध्ये डीजीसीएने कंपन्यांशी बोलून दिवाळीसाठी सुमारे १,७०० जादा उड्डाणे लावायला लावली होती. अशी बातमी दिसली की ज्यांनी तिकीट अजून काढलेले नाही त्यांनी लगेच भाव पाहावा. ज्यांनी काढले आहे त्यांना दंड ओलांडण्याएवढा उतार क्वचितच मिळेल.

भंडाऱ्याहून निघणाऱ्याला विमानाच्या भाड्यात रस्त्याचाही खर्च धरावा लागतो. रात्री अकराचे विमान सातशेने स्वस्त दिसते, पण उतरून एसटी मिळत नाही आणि टॅक्सीत त्याहून जास्त जातात. पहाटे पाचचे विमान धरायचे तर अर्ध्या रात्री घर सोडावे लागते, नाहीतर नागपुरात मुक्काम. "स्वस्त" विमानाकडे वळताना वेळ बदलली आणि हा खर्च वाढला, तर बचत तिथेच संपते. गोंदियाच्या बिरसी विमानतळावरून १ डिसेंबर २०२३ ला इंडिगोची हैदराबाद-तिरुपती सेवा सुरू झाली. तुमसर, साकोली, लाखनीच्या माणसाने हैदराबादला जाताना नागपूरबरोबर गोंदियाचाही भाव पाहावा. आणि पुण्यासाठी १० ऑगस्ट २०२५ पासून अजनीहून वंदे भारत आहे, बारा तासांची दिवसाची गाडी. विमानाचे भाडे चढलेले असताना ते उतरण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा हा पर्याय शांतपणे तपासावा. रेल्वेचे तिकीट रद्द करण्याचा आकारही आधीपासून ठाऊक असतो. नेहमीच्या गाड्यांत पुरेसे आधी रद्द केले तर थ्री-टायर एसीला १८० रुपये आणि स्लीपरला १२० रुपये असा तो ठरलेला आहे.

रेल्वेशी ही तुलना केली की विमानाच्या नियमातली उणीव नजरेत भरते. ऑगस्ट २०१६ पासून डीजीसीएचा नियम सांगतो की रद्द करण्याचा आकार मूळ भाडे आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त असू नये. ऐकायला हे संरक्षण वाटते. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा की कंपनी मूळ भाडे आणि इंधन अधिभार सगळा ठेवून घेऊ शकते. ३,२०० च्या तिकिटावर करांचे सात-आठशे परत आले की नियम पाळला गेला. खासगी बसचे भाडे एसटीच्या दीडपटीहून जास्त घेऊ नये, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने २७ एप्रिल २०१८ ला काढला. त्याची अंमलबजावणी किती होते हे दिवाळीत प्रवास करणारा जाणतोच, पण निदान आकडा लोकांना माहीत आहे आणि तक्रारीला आधार आहे. विमानाच्या दंडालाही असा आकडा हवा. प्रवासाला महिना उरलेला असताना सोडलेली जागा कंपनी पुन्हा विकते, बहुधा जास्त भावाने. तिच्यावर मूळ भाडे गिळणारा दंड घेणे अन्यायाचे आहे. दंड भाड्याच्या ठरावीक हिश्शात आणि उरलेल्या दिवसांप्रमाणे कमी असावा, आणि सुरुवातीच्या काही तासांची मोफत मुदत एजंटकडून काढलेल्या तिकिटांनाही मिळावी. या मोफत मुदतीची सर्वांत जास्त गरज असलेली माणसे अजून एजंटकडूनच तिकीट काढतात.

तोवर आपल्या हातात आहे ते तरी सोडू नये. तिकीट रद्द केले, किंवा काही कारणाने विमान चुकले, तरी सरकारी कर आणि विमानतळाचे वापर शुल्क परत करणे कंपनीवर बंधनकारक आहे, मग तिकीट "नॉन-रिफंडेबल" का असेना. विमान चुकले की सगळेच बुडाले असे समजून माणसे गप्प बसतात आणि माणशी शेकडो रुपये सोडून देतात. ते मागावे लागतात, तर मागा. परताव्याची प्रक्रिया करण्याबद्दल कंपनी वेगळे शुल्क घेऊ शकत नाही. रक्कम रोख मिळावी की पुढच्या तिकिटासाठी जमा राहावी, हेही प्रवाशानेच ठरवायचे असते. कंपनीने दाद दिली नाही तर केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तिकीट क्रमांकासह तक्रार नोंदवा. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिचा क्रमांक १९१५. आणि तिथेही काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग भंडाऱ्यातच आहे.